किती उरलं तर चालेल?

"काकू, दुखणं किती कमी झालं तर तुम्हाला पुरे वाटेल?"

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा मी वाकून पायमोजे चढवत होते. दुखणं किती आहे, हे सांगायची तयारी मी घरूनच करून गेले होते. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, ही पट्टी आता पाठ झाली आहे. या खेपेला सात सांगावं की साडेसहा, यावर वाटेत माझा माझ्याशीच थोडा वादही झाला होता. पण उलट्या बाजूने कुणी हिशेब मागेल, असं मनात आलं नव्हतं. "पूर्ण जायला नको का?" मी म्हटलं. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, की मधुमेहाने नसा दुखावल्या की त्यावरच्या औषधाने निम्मा आराम पडला तर आम्ही उत्तम म्हणतो, 30 टक्के पडला तरी औषध लागू झालं असं धरतो. उरलेलं सांभाळून घ्यायचं. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटची फाइल जवळ ओढली. मी "सांगते विचार करून" असं काहीतरी पुटपुटत बाहेर पडले. पुढे कितीतरी दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना. आधी रागच आला. दुखणाऱ्या माणसाशी असा सौदा करतात का, असं वाटलं. राग ओसरल्यावर कळलं की प्रश्न सरळ होता, उत्तरच माझ्यापाशी नव्हतं.

हे दुखणं दिवसा बेताचं असतं, ही गोष्टच मुळात लोकांना पटत नाही. मी मुद्रितं तपासायचं काम करते. दिवसभर डोळे ओळींवर आणि हात पेन्सिलीवर असतात, पाय टेबलाखाली आपापल्या जागी निमूट असतात. दिवे मालवले की सुरू होतं. आधी दोन्ही अंगठ्यांच्या टोकांना मुंग्या, मग तळव्यांची आग, आणि मध्येच एखादी चमक अंगठ्यापासून घोट्यापर्यंत अशी सळकन जाते की तोंडातून आवाज निघतो. पांघरुणाचा नुसता स्पर्श तेव्हा सोसवत नाही. धुऊन धुऊन मऊ झालेली सुती चादर, तिचं वजन ते काय. पण ती बोटांवरून सरकली की कातडी सोलवटल्याची जाणीव होते. म्हणून पाय चादरीबाहेर काढायचे. ते गार पडतात, आणि गार पडले की वेगळं दुखायला लागतं. मग उठून फरशीवर तळवे टेकवून बसायचं, घटकाभर बरं वाटतं. यातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट अशी, की आतून पेटलेलं पाऊल हाताला थंडगार लागतं. आणि ज्या बोटात सगळ्यात जास्त दुखतं त्यालाच चिमटा काढला तर पत्ता लागत नाही. बधिर आणि हुळहुळं, दोन्ही एकाच वेळी, एकाच बोटात. हे नवऱ्याला समजावून सांगितलं तेव्हा तो बराच वेळ माझ्या पायांकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "दिसायला तर चांगले आहेत गं."

दिसायला चांगले आहेत, हीच तर पंचाईत.

लंडनच्या फ्रेडरिक पेव्ही या डॉक्टरांनी 1885 साली मधुमेहाच्या रुग्णांची गाऱ्हाणी लिहून ठेवली आहेत: जड झालेले पाय, बधिर तळवे, लखकन जाणाऱ्या कळा, स्पर्श न सोसणं. त्याच्या वीस-एक वर्षं आधी, 1864 मध्ये, मार्शाल द काल्वी या फ्रेंच डॉक्टरांनी म्हटलं होतं की नसा बिघडल्यामुळे मधुमेह होत नाही, मधुमेहामुळे नसा बिघडतात. तोवर बरेच जण उलटं धरून चालले होते. हे वाचून माझा पाय काही थांबला नाही, तरी उगाच बरं वाटलं. शंभरावर वर्षांपूर्वी कुणीतरी खुर्ची ओढून समोर बसलं होतं आणि पेशंट सांगेल ते जसंच्या तसं उतरवून घेत होतं.

का होतं, तेही डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पायाच्या अंगठ्यापर्यंत संवेदना नेणारा प्रत्येक धागा म्हणजे कमरेजवळ, मणक्यालगत बसलेल्या एकाच पेशीची मीटरभर लांब शाखा. शरीरातले सगळ्यात लांब धागे हेच. त्यांची रसद इतक्या लांबवर पोचवायची, त्यात रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढलेली आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही खराब झालेल्या. म्हणून बिघाड टोकाकडून सुरू होतो, दोन्ही पायांत सारखाच, आणि पायमोज्यासारखा वर चढत जातो. झिजलेला धागा मुकाट बसला असता तर एकवेळ परवडलं असतं. तो बाहेर काहीही घडलेलं नसताना निरोप धाडत राहतो. दारात कुणी नाही आणि बेल वाजतेच आहे. सतत वाजून वाजून मज्जारज्जू आणि मेंदूही त्या आवाजाला हळवे होतात, आणि मग चादरही जखमेसारखी लागते. मजा म्हणजे नसांची विद्युत तपासणी करून घेतली तर रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल आला. ती तपासणी जाड धाग्यांची. दुखणं आणि ऊनगार कळवणारे धागे अगदी बारीक, ते तिच्या मापात येत नाहीत. नॉर्मल रिपोर्ट हातात धरून मी उभी होते आणि आनंद मानावा की भांडावं, ते कळत नव्हतं.

त्या मानाने डॉक्टरांची साधी तपासणी मला जास्त खरी वाटते. 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क तळहातावर आपटून त्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतात. "थरथर थांबली की सांगा." मी सांगते, थांबली. लगेच तोच फोर्क त्या माझ्या मनगटावर ठेवतात आणि तो चांगला गुणगुणत असतो. मग डोळे मिटायचे. नायलॉनचा एक जाडसर धागा, 10 ग्रॅम दाबाला वाकणारा, त्या तळव्यावर ठिकठिकाणी टेकवत जातात आणि लागला की मी "हो" म्हणायचं. कधीकधी दोन "हो"च्या मधली शांतता जरा जास्त लांबते. त्या वेळी धागा लागून गेलेला असतो, हे मला त्या शांततेवरूनच समजतं.

औषधांची गंमत आणखी वेगळी. डोकेदुखीवरची, सांधेदुखीवरची नेहमीची गोळी इथे जवळपास निरुपयोगी. वर त्यातल्या काही मधुमेह्याच्या किडनीला त्रास देणाऱ्या. जी लागू पडतात ती दुसऱ्याच आजारांसाठी जन्मलेली. अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन नैराश्यावरची, गॅबापेंटिन आणि प्रीगॅबालिन फिट्सवरची. गॅबापेंटिनची कथा मला फार आवडते: मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनासारखं काम करावं म्हणून ते घडवलं, आणि नेमकं तेच काम ते करत नाही. ते आणि त्याचं भावंड प्रीगॅबालिन, दोघंही नसांवरच्या कॅल्शियमच्या वाटांना चिकटतात आणि खवळलेल्या नसेचा आरडाओरडा कमी करतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा मार्ग निराळा. मेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणारी, दुखण्याचे निरोप दाबणारी एक यंत्रणा प्रत्येकात असते. या गोळ्या तिला बळ देतात. मन उदास असो वा नसो, त्याचा यात संबंध नाही. पण खोक्यातला कागद हे सांगत नाही. माझ्या नणंदेने तो उलगडून वाचला आणि धसकाच घेतला. "वहिनी, तुम्हाला एवढं डिप्रेशन आहे आणि एका शब्दाने बोलला नाहीत?" मी पायाकडे बोट दाखवलं. तिला ते विनोद करून विषय टाळण्यातलं वाटलं असावं, कारण पुढचे काही दिवस ती रोज फोन करून माझ्याशी फार गोड बोलायची. मीही ते चालू दिलं.

यातलं एकही औषध नस दुरुस्त करत नाही. बेल बंद होते, तार तशीच.

सुरुवात अमिट्रिप्टिलिनने झाली, रात्री 10 मिलिग्रॅम. आधी ईसीजी काढून घेतला, कारण हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. झोप लागली. फार दिवसांनी अशी गाढ लागली की पहिल्या सकाळी मला रडू आलं. पण जीभ टाळूला चिकटायला लागली, पोट साफ होईना, आणि डोस वाढवल्यावर पहाटे बाथरूमला उठताना भिंत धरावी लागू लागली. बधिर तळव्यांना जमीन आधीच नीट कळत नाही. त्यात गुंगी म्हणजे पडण्याला आमंत्रण. मग प्रीगॅबालिन. त्याने दुखणं सगळ्यात छान उतरलं, हे मान्यच करायला हवं. चादर अंगभर घेऊन झोपले. पण घोट्यांना सूज आली, वजन वाढलं, आणि डोक्यात एक धुकं उतरलं. समोर ओळ दिसे, तिच्यात काहीतरी खटके, पण काय खटकतंय ते बोटावर येईना. नेहमीचे शब्द ऐन वेळी दडी मारत. ज्या माणसाची भाकरी ऱ्हस्वदीर्घावर चालते, त्याला हे दुखण्याइतकंच दुखतं. डॉक्टर म्हणाल्या, काहींना हे धुकं महिन्याभरात विरतं. माझं थोडं विरलं, थोडं राहिलं. त्यानंतर ड्युलोक्सेटिन. सुरुवातीला मळमळ आणि अवेळी घाम. नंतर ते बसलं. डोकं लख्ख राहिलं, पण रात्र अर्धीमुर्धीच सुटली. हे औषध मनाला येईल तेव्हा एकदम थांबवायचं नसतं, हेही तेव्हा कळलं. चक्कर, बेचैनी असं बरंच काही मागे लागू शकतं, उतरवायचं ते पायरीपायरीने.

2022 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या 13 केंद्रांतला एक अभ्यास छापून आला. मधुमेहाच्या या दुखण्याच्या 130 रुग्णांना याच तीन औषधांपासून सुरू होणाऱ्या तीन वाटांनी आळीपाळीने नेलं, प्रत्येक वाटेवर 16 आठवडे. एका गोळीने भागलं नाही तर दुसरी जोडली. निकाल काय, तर तिन्ही वाटांनी दुखणं सरासरी 6.6 वरून 3.3 वर आलं. नेमकं निम्मं. फरक पडला तो त्रासात: अमिट्रिप्टिलिनने तोंड जास्त कोरडं, प्रीगॅबालिनने चक्कर जास्त, ड्युलोक्सेटिनने मळमळ जास्त. मी ते आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. दुखणं तिन्ही वाटांनी सारखंच आटोक्यात येत असेल, तर कोणती गोळी घ्यायची हे माझं दुखणं ठरवत नाही, माझं बाकीचं आयुष्य ठरवतं. कोरड्या तोंडाने मुद्रितं वाचता येतात. धुक्यात येत नाहीत. एखाद्या गायकाचा हिशेब उलटा असेल. आणि हे सरासरीचं बोलणं झालं. 2015 च्या एका मोठ्या आढाव्यानुसार खोट्या, म्हणजे औषधच नसलेल्या गोळीच्या तुलनेत निम्मा आराम आणखी एकाला पडावा म्हणून प्रीगॅबालिन सात-आठ जणांना द्यावं लागतं, ड्युलोक्सेटिनच्या जातीची औषधं सहा-सात जणांना, अमिट्रिप्टिलिनच्या जातीची तीन-चार जणांना. बाकीच्यांत काही खोट्या गोळीवरही सुधारतात. (मधुमेह्यांना साखरेची खोटी गोळी देत असतील का, हा प्रश्न मला वाचता वाचता पडला होता. देत नसावेत.)

एक भीती मात्र मी कितीतरी दिवस कुणाला सांगितली नाही. दुखणं कमी झालं की मला बरं वाटतं, आणि पाठोपाठ मनात येतं: हे औषधाने कमी झालं, की धागे मरायला लागले म्हणून? पूर्ण मेलेली नस दुखत नाही. शांत पाय हा बरा झालेला पाय असेलच असं नाही. पॉल ब्रँड नावाच्या शल्यविशारदांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिलं की बोटं झडतात ती न कळलेल्या जखमांमुळे; दुखत नाही म्हणून माणूस मोडक्या पायावर चालत राहतो. पुढे अमेरिकेत तीच नजर मधुमेह्यांच्या पायांकडे वळली. ज्या दुखण्याच्या नावाने मी रात्रभर बोटं मोडते ते राखण करणारं दुखणं नाही, हे मला पटतं. ते कशापासूनही सावध करत नाही. खडा रुतला तर ते गप्पच बसेल. तरीसुद्धा ते सुरू असेपर्यंत तिकडे कुणीतरी जिवंत आहे, असं एक वेडं समाधान त्यात असतं. हे शेवटी डॉक्टरांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्यासाठीच तर दर वेळी फोर्क आणि धागा. दुखणं एका वहीत, संवेदना दुसऱ्या वहीत. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधायचा नाही. तेव्हापासून रोज रात्री मी आरसा धरून तळवे बघते, बोटांच्या बेचक्यांसकट. पाण्याचा गरमपणा पायाने नाही, कोपराने बघते.

शुगर सांभाळायची, हे ओघाने आलंच. पण तिथेही डॉक्टरांनी माझा उत्साह जरा आवरला. वर्षानुवर्षं चढलेली साखर औषधांनी झपाट्याने खाली ओढली तर काहींना उलट हेच दुखणं उसळून येतं, म्हणून उतरायचं ते हळू. आणि अनेक वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत बी-12 कमी होऊ शकतं, ते कमी पडलं की नसा तशाही कुरकुरतात, म्हणून तेही तपासून घेतलं. माझं काठावर होतं, भरून काढलं. भेटेल तो मला बी-12 ची वेगवेगळी नावं सुचवत असतो. कमतरता असेल तर ते औषध आहे, नसेल तर मनाचं समाधान, इतपत आता मला समजतं.

डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर मी अखेर आकड्यात दिलंच नाही. सांगितलं की रात्री सलग पाच तास झोप हवी, चादर घेऊन. सकाळी 16 पानांचा एक फॉर्मा जागचं न उठता तपासता यायला हवा, आणि तपासलेला फॉर्मा दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावासा वाटता कामा नये. यात संध्याकाळची आग राहिली तरी चालेल, दुपारच्या मुंग्या राहिल्या तरी चालतील. त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं आणि सकाळी ड्युलोक्सेटिन, रात्री प्रीगॅबालिनचा लहान डोस अशी जोडी बांधून दिली. प्रीगॅबालिन किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन बघून डोस बेतला. किडनी मंदावली तर तो कमी करावा लागेल. झोप आता बहुतेक रात्री जमते. फॉर्म्याचं अजून सगळं जुळलेलं नाही, सकाळी दहा वाजायच्या आधी वाचायची पानं मी हल्ली सोपी निवडते.

आता त्यांनी एक तिसरीच गोष्ट पुढे केली आहे: कॅप्सेसिनची पट्टी. मिरचीतला तिखटपणा तो हाच. तो नसांवरच्या ज्या संवेदना टिपणाऱ्या ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन भिडतो त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. 8 टक्क्यांची ही पट्टी दवाखान्यातच तळपायांवर अर्धा तास लावतात. अमेरिकेत 2020 पासून मधुमेहाच्या या दुखण्यावर तिला मान्यता आहे. परिणाम टिकला तर तीन महिने, मग लागली तर पुन्हा. पेटलेल्या पायांना मिरची लावणार, हे ऐकून नवरा म्हणाला, "अगं, हे औषध आहे की सूड?" लावल्यावर आधी आग भडकते, हे खरंच आहे. पण ना गुंगी, ना सूज, ना किडनीवर भार, आणि डोकं माझंच राहणार. हा मोह मोठा आहे. अडतं ते एवढ्यावरच, की ती काम करते ती कातडीतल्या नसांची टोकं काही काळ मागे हटवून. जी टोकं मरतील म्हणून मी धास्तावलेली असते त्यांनाच आपण होऊन घालवून द्यायचं. ती परत वाढतात, असं डॉक्टर सांगतात, आणि त्यांच्या बाकीच्या गोष्टी आजवर खऱ्या निघाल्या आहेत. एका जाड ग्रंथाची निर्देशसूची सध्या टेबलावर आहे. ती छापखान्यात गेली की आधी फोर्क आणि धाग्याची तपासणी नव्याने करून घेणार, आकडे वहीत टिपणार आणि मगच पट्टीचं ठरवणार. नणंद सोबत येते म्हणाली आहे. तिला त्या पट्टीचा कागद वाचायचा आहे.